सप्ताहाचं लाइव्ह असो की घरचं रेकॉर्डिंग : यूएसबी ऑडिओ कार्डावर आवाज तुटतो तेव्हा

अखंड हरिनाम सप्ताहातलं कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह दाखवणं, संबळ-तुणतुण्यासह गोंधळ रेकॉर्ड करणं, भारुडाची साथसंगत घरच्या खोलीत बांधणं, ही कामं आता मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर-लातूरपासून लहान गावांपर्यंत एक लॅपटॉप आणि दोन माइकचं यूएसबी कार्ड एवढ्यावर होतात. या सगळ्यांना एक दुखणं सारखंच छळतं. चालू आवाजात मध्येच ‘कट्’ होतं, चर्र असा आवाज येतो, नाहीतर क्षणभर सगळं गप्प होतं. मग केबल बदलली जाते, नंतर कार्ड, शेवटी लॅपटॉप. खर्च वाढत जातो आणि कट् जिथल्या तिथे राहतो, कारण दोष नेमका कुठे आहे हे कुणी शोधलेलंच नसतं.

तो शोधता येतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दोष वेगाचा नसून वेळेचा असतो, हे आधी समजून घ्यावं लागतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त लागते.

आवाज तुटतो म्हणजे काय होतं

48 किलोहर्ट्झवर कार्ड आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने (सॅम्पल्स) घेतं. 24 बिटचे दोन चॅनेल धरले तर हा डेटा सेकंदाला जेमतेम 2.3 मेगाबिट भरतो. यूएसबी 2.0 ची क्षमता 480 मेगाबिट आहे. म्हणजे ‘यूएसबी स्लो पडतंय’ हे निदान जवळपास नेहमीच चुकीचं असतं, आणि यूएसबी 3.0 चं पोर्ट वापरल्याने आवाज आपोआप सुधारेल ही आशाही.

खरी गोम डेटा जाण्याच्या पद्धतीत आहे. ऑडिओ ज्या पद्धतीने जातो तिला आयसोक्रोनस म्हणतात. हाय-स्पीड कार्डात दर 125 मायक्रोसेकंदाला आणि जुन्या फुल-स्पीड कार्डात दर 1 मिलिसेकंदाला एक पाकीट ठरल्या वेळी निघतं, जशी एसटी आगारातून वेळेवर सुटते. उशिरा आलेल्यासाठी ती थांबत नाही, आणि वाटेत बिघडलेलं पाकीट पुन्हा पाठवलं जात नाही. पेनड्राइव्हवर फाइल कॉपी करताना मात्र चुकलेला तुकडा परत मागवला जातो. त्यामुळे ज्या केबलवर, ज्या पोर्टवर हार्ड डिस्क बिनतक्रार चालते, तिथेच कार्डाचा आवाज तुटू शकतो. ‘याच पोर्टवर बाकी सगळं चालतं’ हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

दुसरी वेळमर्यादा कॉम्प्युटरच्या आत असते. ती ठरते बफरवरून, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो त्या नमुन्यांच्या गठ्ठ्यावरून. 48 किलोहर्ट्झवर 64 नमुन्यांचा बफर म्हणजे 1.3 मिलिसेकंद, 128 म्हणजे 2.7, 256 म्हणजे 5.3, 512 म्हणजे 10.7 आणि 1024 म्हणजे 21.3. बफर 128 वर ठेवला, की दर 2.7 मिलिसेकंदाला प्रोसेसरने ऑडिओचं काम हातावेगळं केलंच पाहिजे. एकदा जरी दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने त्याला 3 मिलिसेकंद अडकवून ठेवलं तरी आवाज तुटला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 15 टक्केच वापरात दिसत असेल, पण तो आकडा सरासरीचा आहे आणि इथे घात एका क्षणाचा झालेला असतो.

आधी चाचणी, मग उपाय

संबळ, हलगी, पखवाज यांच्या रेकॉर्डिंगवर चाचणी घेऊ नका. ठोक्यांच्या गर्दीत तुटलेला आवाज लपतो. अखंड स्वर हवा. मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा पेटीचा धरून ठेवलेला षड्ज यासाठी उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे कार्डाच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये थेट केबल टाकणं. आउटपुट 1 मधून 6.35 मिमीची टीआरएस केबल इनपुट 1 मध्ये लावा, इनपुट ‘लाइन’वर ठेवा, फँटम (कंडेन्सर माइकला कार्डातून मिळणारे 48 व्होल्ट) बंद करा, डायरेक्ट मॉनिटर (इनपुटचा आवाज कार्डातूनच थेट ऐकवण्याची सोय) बंद करा आणि ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करताय त्याचं इनपुट मॉनिटरिंगही बंद करा. हे विसरलात तर आवाज गोल फिरून शिट्टी मारेल. म्हणून सुरुवातीला हेडफोन कानावरून काढून ठेवा.

दुसऱ्या ट्रॅकवर 440 हर्ट्झचा साधा स्वर लावून 10 मिनिटं रेकॉर्ड करा. एकही प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारा जोड-प्रोग्राम) नको. मग ती फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून जिथे तुटल्यासारखं ऐकू येतं तिथे एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसेपर्यंत झूम करा. इथे दिसणाऱ्या आकारातच निम्मं निदान असतं.

लाट वर आणि खाली चाकूने कापल्यासारखी सपाट दिसत असेल तर काहीच तुटलेलं नाही, गेन (माइकचा आवाज कार्डात किती वाढवून घ्यायचा ते बटण) जास्त आहे. ‘चर्र’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. कीर्तनकारांचा आवाज टिपेला जातो तेव्हा मीटर उणे 10 ते उणे 6 डेसिबलच्या पुढे जाणार नाही इतका गेन ठेवा. 24 बिटमध्ये आवाज हळू घेतल्याने काही बिघडत नाही.

लाट मध्येच शून्यावर सपाट होऊन पुन्हा सुरू झाली असेल, तर त्या सपाट भागाची लांबी नमुन्यांत मोजा. ऑडॅसिटीत खालच्या सिलेक्शन पट्टीचं एकक ‘सॅम्पल्स’ केलं की आकडा थेट मिळतो. ती लांबी तुमच्या बफरइतकी किंवा त्याच्या पटीत आली, म्हणजे 256, 512, 768 अशी, तर कॉम्प्युटरने वेळ चुकवली. ती 6 च्या किंवा 48 च्या पटीतली छोटी फट असेल तर संशय यूएसबीच्या पाकिटांवर, म्हणजे केबल, पोर्ट, हब किंवा वीजपुरवठ्यावर घ्या. 48 किलोहर्ट्झवर 125 मायक्रोसेकंदात 6 आणि 1 मिलिसेकंदात 48 नमुने बसतात, म्हणून हे आकडे. दरवेळी हिशेब इतका काटेकोर जुळेलच असं नाही, पण आठ-दहा फटी मोजल्या की कल कळतो.

फट दिसत नाही पण लाट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर एकदम उडी मारते, तर मधले नमुने गायब झाले आहेत. अशा उड्या ठरावीक अंतराने येत असतील तर ते घड्याळाचं दुखणं आहे. त्याबद्दल पुढे.

लाइव्हच्या बाबतीत आणखी एक चाचणी सगळ्यात आधी करा. ओबीएस या लाइव्ह दाखवण्याच्या प्रोग्राममध्ये स्ट्रीमिंगसोबत रेकॉर्डिंगही चालू ठेवा. डिस्कवरची फाइल स्वच्छ आणि यूट्यूबवर आवाज तुटका, तर कार्डाचा यात काही संबंध नाही, नेट अपुरं पडतंय. व्हिडिओचा बिटरेट कमी करा आणि हा लेख इथेच सोडा.

चाचणी किती वेळ चालवायची याचा एक नियम पाळा. आवाज साधारण 10 मिनिटांत एकदा तुटत असेल, तर उपायानंतर किमान 30 मिनिटं स्वच्छ गेल्याशिवाय ‘जमलं’ म्हणू नका. तिप्पट वेळ. त्याआधीचा आनंद निव्वळ योगायोग असू शकतो.

केबल, पोर्ट आणि वीज

कार्डासोबत आलेली केबलच वापरा. ती हरवली असेल तर 1 ते 1.5 मीटरची, डेटाची खात्री असलेली घ्या. चौकोनी तोंडाच्या कार्डाला प्रिंटरची केबल चालते. टाइप-सी कार्डाला मोबाइल चार्जरसोबतची कुठलीही केबल लावू नका, काहींत डेटाच्या तारा नसतात आणि काहींत त्या फार बारीक असतात. यूएसबी 2.0 ची मर्यादा 5 मीटर आहे, आणि साधी एक्स्टेन्शन जोडून ती गाठण्याचा प्रयत्नही करू नये.

मंडपात इथेच चूक होते. स्टेज 20 मीटर लांब, म्हणून कार्ड स्टेजवर आणि लॅपटॉप मिक्सरपाशी ठेवून मध्ये लांबलचक यूएसबी ओढली जाते. उलट करा. कार्ड लॅपटॉपला चिकटून ठेवा आणि माइकची एक्सएलआर केबल लांबवा. बॅलन्स्ड एक्सएलआर 30-40 मीटर सहज जाते. यूएसबीची केबल हॅलोजनच्या किंवा जनरेटरच्या वायरला समांतर पसरू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

कार्ड थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा, पुढच्या पोर्टांपर्यंत आतून एक पातळ वायर गेलेली असते. हब टाळा, आणि टाळता येत नसेल तर स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा घ्या.

विजेचा हिशेब सोपा आहे. यूएसबी 2.0 पोर्टातून 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3.0 मधून 900 मिलिअँपिअर मिळण्याची तरतूद असते. 48 व्होल्ट फँटमवर एक कंडेन्सर माइक 10 मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. ते 48 व्होल्ट 5 व्होल्टांतूनच तयार करायचे असल्यामुळे असा एक माइक पोर्टावर 100 मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार टाकतो. दोन कंडेन्सर, वर मोठ्या आवाजातला हेडफोन, आणि जुन्या लॅपटॉपचं सैल पोर्ट, इतकं जमलं की कार्ड क्षणभर मान टाकतं. तपासायला फँटम बंद करून डायनॅमिक माइकवर तीच चाचणी घ्या. तुटणं थांबलं तर वीजच कमी पडतेय.

तुटताना विंडोजची ‘टिंग-टाँग’ वाजत असेल, किंवा कार्डाचा दिवा विझून पुन्हा लागत असेल, तर ते कार्ड पूर्ण डिस्कनेक्ट होतंय. तेव्हा बफर वाढवून काहीही होणार नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला ‘इव्हेंट्स’ टॅब पाहा. तिथे वेळेसह नोंद सापडली तर ती रेकॉर्डिंगमधल्या वेळेशी जुळवता येते. नोंदीची वेळ आणि बोअरची मोटर चालू झाल्याची वेळ एकच निघाली, तर शोध संपला.

एकाच गल्लीत कॅमेरा आणि कार्ड

लाइव्ह करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. कॅमेऱ्याचं एचडीएमआय कॅप्चर कार्ड किंवा वेबकॅम हाही बऱ्याचदा आयसोक्रोनस पद्धतीनेच चालतो, आणि तो ऑडिओसारखा अल्पसंतुष्ट नसतो. 640 बाय 480 चं, सेकंदाला 30 फ्रेमचं, न दाबलेलं (अनकम्प्रेस्ड) चित्र जवळपास 147 मेगाबिट मागतं. 1280 बाय 720 चं 442 मेगाबिट मागतं, म्हणजे यूएसबी 2.0 च्या एका कंट्रोलरवर ते मावतच नाही, कारण अशा वेळबद्ध डेटासाठी हाय-स्पीडमध्ये जास्तीत जास्त 80 टक्के वेळ राखता येतो.

लॅपटॉपला दोन बाजूंना तीन पोर्टं दिसतात, पण आत ती एकाच हबला जोडलेली असू शकतात. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. झाडासारखी रचना उघडेल. तुमचं ऑडिओ कार्ड आणि कॅप्चर कार्ड एकाच फांदीवर लटकलेली दिसली तर एकाचं पोर्ट बदला आणि पुन्हा पाहा. वेगळी फांदी उपलब्धच नसेल तर कॅमेऱ्याचा फॉरमॅट ओबीएसमध्ये एमजेपीईजी करा. चित्र दाबून येतं आणि गल्ली मोकळी होते. त्याच लॅपटॉपला मोबाइल यूएसबी टेदरिंगने जोडून नेट घेत असाल, तर तोही याच गर्दीत सामील आहे.

घड्याळ आणि सॅम्पल रेट

ठरावीक अंतराने, जणू मोजून, येणारी टिक ही घड्याळाची, म्हणजे कार्डात नमुने घेण्याची वेळ ठरवणाऱ्या स्फटिकाची, खूण आहे.

सगळ्यात आधी कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘क्लॉक सोर्स’ इंटर्नल आहे ना ते पाहा. एडॅट किंवा एसपीडिफ हे डिजिटल इनपुट असलेल्या कार्डात तो चुकून बाहेरच्या घड्याळावर गेला आणि तिथे काहीच जोडलेलं नसलं, तर कार्ड भरकटतं.

दुसरी शक्यता म्हणजे दोन घड्याळं. यूएसबी माइक आणि ऑडिओ कार्ड एकत्र वापरलं, किंवा इनपुट कार्डाचा आणि आउटपुट लॅपटॉपचा घेतला, तर दोघांचे स्फटिक तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. दहा लाखांत 20 इतका फरक म्हणजे 48 किलोहर्ट्झवर सेकंदाला जवळपास एक नमुना. 256 चा बफर साधारण साडेचार मिनिटांत ओसंडतो किंवा रिकामा होतो आणि तेवढ्यात एक टिक येते. उपाय एकच, की आत येणं आणि बाहेर जाणं दोन्ही एकाच कार्डावरून करा. मॅकवर दोन कार्डं जोडणं भागच असेल तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस करा आणि दुय्यम कार्डासाठी ‘ड्रिफ्ट करेक्शन’ टिक करा.

तिसरी गोष्ट सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला किती नमुने घ्यायचे याची. व्हिडिओ आहे तिथे सगळीकडे 48,000. सगळीकडे म्हणजे कार्डाच्या पॅनलमध्ये, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओबीएसच्या सेटिंग्जमधल्या ‘ऑडिओ’त, आणि विंडोजमध्ये ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडून प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग या दोन्ही टॅबांत कार्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर. एक जागा राहिली की दोन प्रोग्राम कार्डाला वेगवेगळ्या दिशांना ओढतात. तिथेच ‘एन्हान्समेंट्स’ही बंद करून टाका.

ड्रायव्हर

विंडोजवर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज पोहोचवणारा ऑडिओ ड्रायव्हर) तिच्याच साइटवरून घ्या. कार्ड काढून ठेवा, जुना ड्रायव्हर काढा, मशीन रीस्टार्ट करा, नवा टाका आणि सांगितलं जाईल तेव्हाच कार्ड जोडा. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तोच ड्रायव्हर निवडलाय का ते पाहा. इन्स्टॉल केलेला एक आणि निवडलेला दुसराच, असं फार वेळा सापडतं.

स्वतःचा असिओ नसलेल्या स्वस्त कार्डांना ‘असिओ फॉर ऑल’ वापरावा लागतो. तो वाईट नाही, पण खाली विंडोजचाच ड्रायव्हर चालवतो, त्यामुळे त्याच्याकडून 64 च्या बफरची अपेक्षा ठेवू नका. 512 वर ठेवा आणि ऐकण्यासाठी कार्डाचा डायरेक्ट मॉनिटर वापरा. गायकाला स्वतःचा आवाज कार्डातूनच, कॉम्प्युटरला वळसा न घालता मिळतो, आणि मग बफर 1024 असला तरी गाताना अडत नाही. कीर्तनाच्या लाइव्हसाठी तर लहान बफरची गरजच नाही. तिथे 128 चा हट्ट धरणं म्हणजे विनाकारण जोखीम घेणं आहे.

बफर वाढवूनही तुटतं : दोषी ड्रायव्हर पकडणं

512 किंवा 1024 वरही बफरच्या पटीतल्या फटी दिसत असतील, तर विंडोजमधला एखादा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतोय. त्याला पकडण्यासाठी लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे.

तो प्रशासक म्हणून चालवा, हिरवं बटण दाबा आणि तुमचं नेहमीचं काम, म्हणजे रेकॉर्डिंग, ओबीएस, सगळं चालू ठेवून 15 मिनिटं थांबा. मग ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जाऊन ‘हायेस्ट एक्झिक्यूशन’च्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ घेणारा वर येईल. 500 मायक्रोसेकंदांच्या आत सगळे असतील तर मशीन ठीक. 1,000 च्या पुढे कुणी गेला की लहान बफरवर त्रास ठरलेला, आणि 3,000-4,000 म्हणजे मोठ्या बफरवरही धोका.

वर आलेलं नाव सहसा या चौघांपैकी असतं. एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी असेल तर वाय-फाय. एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. एसीपीआय असेल तर बॅटरी आणि वीजव्यवस्थापन. स्टोरपोर्ट असेल तर डिस्क. डब्ल्यूडीएफ-01000 असं दिसलं तर त्याच्यावर लगेच खापर फोडू नका. तो इतर ड्रायव्हरांचा हमाल आहे, खरा दोषी त्याच्या आड दुसराच असतो.

आता एकेकाला बंद करून पाहा. वाय-फाय डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’ करा. नुसतं नेट तोडणं पुरत नाही, कारण अ‍ॅडॉप्टर नेटवर्क शोधतच राहतो. आकडा खाली आला तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा ड्रायव्हर अद्ययावत करा. तरीही तेच, आणि लाइव्हसाठी नेट तर हवंच, तर छोटा राउटर घेऊन लॅन केबलने लॅपटॉप जोडा. मंडपातल्या लाइव्हसाठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

एसीपीआय वर असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘बॅटरीज’मधलं ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ तात्पुरतं डिसेबल करून पाहा. काही लॅपटॉप ठरावीक अंतराने बॅटरीची चौकशी करताना अडखळतात. काम झाल्यावर ते पुन्हा चालू करा, नाहीतर चार्ज किती उरला ते दिसणार नाही आणि मशीन न सांगता बंद पडेल. बायोसचं अपडेट असेल तर ते याच तक्रारीवर अनेकदा लागू पडतं, मात्र ते करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

वीज वाचवणाऱ्या सोयी

कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. त्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद, ‘पीसीआय एक्स्प्रेस लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद आणि ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ 100 टक्के करा. नव्या लॅपटॉपांत यातले पर्याय लपवलेले असतात. तिथे सेटिंग्जमधल्या ‘पॉवर’ पानावर ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडणं एवढंच हातात आहे. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवरची वीज वाचवण्याची टिक काढा.

सिलेक्टिव्ह सस्पेंडबद्दल बऱ्याच ठिकाणी अवास्तव सांगितलं जातं. आवाज चालू असताना विंडोज सहसा कार्डाला झोपवत नाही. त्याचा त्रास दोन गाण्यांच्या मध्ये, कार्ड रिकामं बसलेलं असताना होतो, आणि पुढच्या गाण्याची पहिली ओळ तुटते. तुमची तक्रार मधोमध तुटण्याची असेल तर या सेटिंगवर अडून राहू नका.

भार

प्लगइन नसताना स्वच्छ आणि प्लगइन लावले की तुटतं, तर निदान सरळ आहे. एका ट्रॅकवरची प्लगइनांची साखळी सहसा एकाच कोअरवर चालते, त्यामुळे आठपैकी एक कोअर भरला तरी आवाज तुटतो. रेकॉर्डिंगच्या वेळी नॉइज रिडक्शन, मास्टर लिमिटर, जड रिव्हर्ब काढून ठेवा. झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करा. रेकॉर्ड करताना लहान बफर आणि मिक्स करताना 1024, ही सवयच लावून घ्या. क्लाउड सिंक, विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरसचं स्कॅन थांबवा, रेकॉर्डिंगचं फोल्डर स्कॅनमधून वगळा.

मॅकवर ड्रायव्हरांचा हा झगडा कमी असतो. तिथे सॅम्पल रेट, हब आणि बफर पाहिले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. लिनक्सवर पाइपवायर ही आवाज हाताळणारी यंत्रणा असेल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालवा. ईआरआर रकान्यातला आकडा ज्या नावापुढे वाढत जातो तिथे वेळ चुकतेय. क्वांटम (तिथला बफर) 512 करा आणि प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा.

मराठवाड्यातला उन्हाळा आणि लाइन

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, मंडपात पत्र्याखाली त्याहून जास्त. लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. खूण अशी की पहिली 20-30 मिनिटं सगळं छान चालतं आणि मग तुटायला लागतं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबवर ‘स्पीड’ पाहत राहा. भार असतानाही तो ‘बेस स्पीड’च्या खाली उतरला तर कारण उष्णताच आहे. लॅपटॉप लाकडी फळीवर, मागून दोन इंच उचलून ठेवा, बाजूला टेबलफॅन लावा. वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घ्या, आपल्याकडच्या धुळीत ते चुकवू नये.

लाइट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणारं कार्ड इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात रीस्टार्ट होऊ शकतं. असं कार्ड यूपीएसवर घ्या, नाहीतर यूएसबीवरच चालणारं कार्ड वापरा. लाइट गेल्याबरोबर लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणून वर सांगितलेली पॉवरची सेटिंग्ज ‘ऑन बॅटरी’च्या रकान्यातही करून ठेवा.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भुणभुण येते आणि मिक्सर जनरेटरवर, लॅपटॉप देवळाच्या लाइनवर असेल तर घूं आवाज येतो. हे तुटणं नव्हे. पण दोन वेगळ्या लाइनींतला फरक कार्डाला डिस्कनेक्टही करू शकतो, त्यामुळे मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून घ्या आणि दोघांच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (दोन्हींचा विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी) लावा. घूं जावं म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची पिन कधीही काढू नका, माइक ओठाला लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

कोरड्या हवेत नायलॉनच्या सतरंजीवरून चालत येऊन कार्डाला हात लावला की बारीक ठिणगी उडते आणि कार्ड गळून पडतं. हात लावण्याआधी अर्थ असलेल्या धातूला, उदाहरणार्थ मिक्सरच्या सांगाड्याला, स्पर्श करा.

लांब रेकॉर्डिंग

24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला 8.6 एमबी घेतो. आठ ट्रॅकचं दोन तासांचं कीर्तन म्हणजे सुमारे 8.3 जीबी. फिरती हार्ड डिस्क गच्च भरलेली असेल तर तीच आवाज तोडते. एसएसडीवर रेकॉर्ड करा आणि निदान एक चतुर्थांश जागा मोकळी ठेवा. साधी वेव्ह फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. या हिशेबाने स्टिरिओ फाइल चार तास आठ मिनिटांच्या आसपास भरते. रात्रभराच्या जागराला तासातासाने नवी फाइल सुरू होईल अशी सोय करा, किंवा ही मर्यादा नसलेला आरएफ64 फॉरमॅट निवडा. एफएटी32 पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, तिथेही हीच मर्यादा आहे.

महत्त्वाच्या कार्यक्रमाला मिक्सरच्या दुसऱ्या आउटपुटवर एक साधा हातातला रेकॉर्डर समांतर चालू ठेवा. कार्डाच्या रेकॉर्डिंगमध्ये फट पडली तर तेवढा तुकडा तिथून उचलता येतो. तसा रेकॉर्डर नव्हता आणि कीर्तन तर होऊन गेलं, तर ऑडॅसिटीतला ‘रिपेअर’ इफेक्ट 128 नमुन्यांपर्यंतची फट भरून काढतो, म्हणजे 48 किलोहर्ट्झवर 2.7 मिलिसेकंदांपर्यंतची. तो निवडीच्या बाहेरच्या चांगल्या नमुन्यांवरून फट भरतो, म्हणून निवडीच्या दोन्ही बाजूंना चांगला आवाज असेल आणि एकूण निवड 128 च्या आत राहील असं पाहा. त्याहून मोठी फट असेल तर जवळचाच टाळ-पेटीचा तसाच तुकडा कॉपी करून बसवा आणि दोन्ही कडांना 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. हे सगळं फाइलच्या प्रतीवर करा, मूळ फाइल आहे तशी दुसऱ्या डिस्कवर ठेवून.